पायांनी ऐकणारी मुलं

तारप्याच्या नाचातलं सगळ्यात लहान माणूस आईच्या कडेवर असतं. त्याला अजून नीट उभंही राहता येत नाही. आईचा एक हात शेजारणीच्या कमरेला, दुसऱ्या हाताने तिने पोराला सावरलेलं, आणि तिचा पाय जमिनीवर पडला की त्याचं डोकं तिच्या खांद्यावर हलकंसं आपटतं. भाताची कापणी उरकत आलेली असते. खळ्याची जमीन चोपून सारवलेली, रात्र बरीच झालेली. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळं घालत जाणारी माणसांची रांग. कैनाड गावच्या पाड्यांवर, आणि डहाणू-तलासरीच्या सगळ्याच वारली वस्तीत, भात पिकायला लागलं की अशा रात्री सुरू होतात त्या दिवाळीच्या पुढपर्यंत चालतात. कडेवरचं पोर थोड्या वेळाने झोपतं. आई नाचतच राहते. तिच्या पायातला ठेका झोपलेल्या पोराच्या अंगात जात राहतो.

या भागात शिक्षिका म्हणून माझं आयुष्य गेलं. मुलांना गाण्याची ओढ कुठून लागते, हा प्रश्न मला या पोरांनी घातला. तोवर मला वाटत होतं, त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. कारण मी स्वतः गाण्याच्या घरातली.

गाण्याचं घर म्हटलं तरी आमच्याकडे कुणी गात नव्हतं. बाबा पोस्टात, मूळचे रत्नागिरीकडचे, बदली होऊन डहाणूला आले आणि इथलेच झाले. घरात रेडिओ होता. संध्याकाळी हातपाय धुऊन ते त्याच्यासमोर बसत तेव्हा आम्हा भावंडांचा आवाज आपोआप बंद होई. नाट्यसंगीत लागलं की त्यांचे डोळे मिटत, आणि एखादी तान त्यांना हवी तशी समेवर आली की उजवा पंजा गुडघ्यावरून किंचित उचलला जाई. तेवढीच त्यांची दाद. गीतरामायणाबद्दल मात्र ते भरभरून बोलत. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर, मिळून ५६ गाणी. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर सगळी आळी गोळा होई, कुणी रेडिओला हारही घाली. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. तरीही गदिमा आणि सुधीर फडक्यांची ती गाणी माझ्या लहानपणाची वाटतात. माझ्या तरुणपणी गाजलेल्या कितीतरी गाण्यांबद्दल मला असं वाटत नाही.

हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या विशीच्या मुलामुलींना त्यांनी १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली आणि कोणतं गाणं किती ओळखीचं, किती जवळचं वाटतं, कोणत्या आठवणी जागवतं, ते विचारलं. मुलांना आपल्या वयाची गाणी जवळची वाटणार, हे उघड होतं. पण त्यांच्या जन्माआधीच्या, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांशीही त्यांचं घट्ट नातं निघालं. ती त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणाची गाणी होती. साठच्या दशकातल्या गाण्यांपाशीही एक छोटा उंचवटा दिसला, आणि तो आजीआजोबांकडून आला असावा असं अभ्यासकांना वाटलं. म्हणजे माणूस ज्या वयात गाण्यावर सगळ्यात जास्त जीव लावतो, त्या वयातली त्याची गाणी त्याच्या पोरांच्या मनातही घर करतात. कुणी ती शिकवत नाही. ती घरात वाजत असतात, आणि वाजताना आईबापांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मूल पाहत असतं.

आईची आवड वेगळी होती आणि ती हळू आवाजात होती. तिला हिंदी सिनेमातली गाणी आवडत. विविध भारती ती दुपारी लावायची, बाबा कामावर असताना. आवाज इतका बारीक की गाणं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ नये. बाबांनी कधी मनाई केली नव्हती. फक्त त्या घरात चांगलं गाणं कोणतं हे ठरलेलं होतं आणि तिचं गाणं त्यात बसत नव्हतं. आज मला एखादं जुनं हिंदी गाणं ऐकू आलं की मी नकळत आवाज कमी करते. गाणं आईकडून आलं आणि गाण्याबरोबर तिचा संकोचही आला. आईबापांची आवड मुलांकडे जाते असं आपण म्हणतो, तेव्हा ही दुसरी गोष्ट आपण विसरतो. गाण्याला घरात कुठे बसवलं होतं, त्याला किती जागा होती, ते मोठ्याने की हळू, एकट्याने की चारचौघांत, हे सगळंच्या सगळं मुलाकडे जातं. माझ्या मते गाण्यापेक्षाही हेच जास्त खोल जातं.

हे मला वर्गात कळलं. एकदा मुलांना चांगलं काही ऐकवावं म्हणून मी नाट्यपदांची कॅसेट शाळेत नेली. बाबा बसत तसं मुलांना बसवलं, डोळे मिटायला सांगितले. मुलं बसली, मिटलेल्या पापण्यांआडून एकमेकांकडे पाहत राहिली. पद संपलं. मी विचारलं, कसं वाटलं? मागच्या रांगेतला एक मुलगा, वर्गात क्वचित बोलणारा, उभा राहून म्हणाला, "बाई, ह्याच्यावर नाचायचं कसं?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. गाणं आहे, तर पायांनी काय करायचं असतं ते बाईंनी सांगायला हवं. त्याच्या घरी ऐकणं आणि नाचणं ही दोन वेगळी कामं नव्हती. माझ्या घरी ऐकणं म्हणजे गप्प बसणं. त्याच्या घरी गप्प बसलेला माणूस म्हणजे आजारी किंवा रुसलेला.

तारप्याला जवळून पाहिलं तर हे का, ते समजतं. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने घट्ट बसवलेल्या दोन नळ्या, नळ्यांत थरथरणाऱ्या जिभा आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. हे सगळं शेताच्या बांधावर आणि जवळच्या रानात मिळतं. वाजवणारा गाल फुगवून भोपळ्यात हवा भरत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. एकदा सुरू झालेला तारपा बराच वेळ अखंड वाजतो. त्याच्या वेगवेगळ्या चाली असतात, इथले लोक त्यांना चाळे म्हणतात. चाळा बदलला की पावलं बदलतात. मोराच्या चाळ्याला अंग वेगळं झुकतं, दुसऱ्या चाळ्याला रांग वेगळी वळते. रांगेच्या पुढचा काठी आपटून इशारा देतो. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा दंडक आहे. वाजवणारा नाचणाऱ्यांमध्येच उभा असतो, त्यांच्याबरोबर फिरतो, त्यांच्या पायांकडे पाहतो. दमलेत असं वाटलं तर सावकाश घेतो, रंगलेत असं दिसलं तर चढवतो. नाचणाऱ्यांशिवाय तारपा अर्धाच असतो.

हा नाच साऱ्या जगाने चित्रात पाहिला आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र घराच्या भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून परदेशातल्या दालनांत नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या मुलांनी चित्रं पुढे चालवली. तारप्याभोवतीचं ते वेटोळं आज विमानतळाच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर, चहाच्या कपावर असतं. मला वाईट याचं वाटतं, की ते चित्र ओळखणाऱ्या लाखो माणसांनी तो आवाज एकदाही ऐकलेला नाही.

आवाज मात्र घराघरांतून चालत आलेला आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा वाजवायला घरातच, वडिलांकडून शिकले. त्यांचं घराणंच पिढ्यान्‌पिढ्या तारपा वाजवणाऱ्यांचं. ते तारपा बनवतातही. २०२२ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२६ साली, नव्वदीच्या घरात, पद्मश्री जाहीर झाली. त्या बातमीने आमच्या भागातल्या पाड्यापाड्यांत जो आनंद झाला तो मी पाहिला आहे. आपल्या बापाने, आजाने जे वाजवलं त्याला दिल्लीत मान मिळाला, असं प्रत्येक घराला वाटलं.

बापाचा तारपा तशी आईची गाणी. वारल्यांच्या लग्नात पुरोहित बाई असते, धवलेरी. सुवासिनींनी भिंतीवर लग्नचौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची आणि धवलेरीने गाणी म्हणत तो चौक जागा करायचा. तिची गाणी तासन्‌तास चालतात. जगाची उत्पत्ती, धान्याची देवी कणसरी, नवरानवरीचं भविष्य, सगळं त्या गाण्यांत असतं. धवलेरी व्हायला शाळा नाही. जिला यायचं ती आईच्या, आत्याच्या, सासूच्या शेजारी बसून धरते, आधी शेवटचा शब्द, मग अर्धी ओळ, मग सगळी.

या गाण्यांची किंमत काय होती तेही सांगायला हवं. स्वातंत्र्याआधी लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलेला वारली जन्मभर त्याच्या घरी राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही बांधली जाई. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांनी उठून ही वेठ मोडली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलं आहे. लग्नाला पैसे नसले की जोडपी विधीशिवायच संसार थाटत आणि ऐपत आली की कधीतरी लग्न लावत. ही रीत अजूनही आहे. त्यामुळे इथल्या कित्येक मुलांनी आपल्या आईबापांचं लग्न डोळ्यांनी पाहिलेलं असतं. चौकासमोर आई हळद लावून बसलेली, धवलेरी तिच्यासाठी गातेय आणि पोरगी मांडवात पळतेय, हे दृश्य मी पाहिलं आहे. त्या पोरीला ती गाणी परकी कशी वाटतील?

मोठ्या गायकांच्या घरांतही हेच झालेलं दिसतं. दीनानाथ मंगेशकर शिष्याला पूरिया धनाश्री घोकायला सांगून बाहेर गेले होते. खेळत असलेल्या लहानग्या लताने त्याची चूक ऐकली, जवळ येऊन ते कसं घ्यायचं ते म्हणून दाखवलं, आणि परत आलेल्या वडिलांनी ते मागून ऐकलं. ही हकीकत लताबाईंनीच सांगितलेली. तोवर तिला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. वडील दुसऱ्यांना शिकवत होते आणि ती त्याच घरात वावरत होती. भीमसेन जोशी लहानपणी बँडच्या, भजनी दिंड्यांच्या मागे कुठल्याकुठे जात. वडिलांनी कंटाळून सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहिलं, म्हणजे कुणीतरी घरी आणून सोडेल. पण घरात आई भजनं गात होती. मास्तरांचा मुलगा रस्त्यावर काय शोधत होता, त्याची सुरुवात घरातच होती.

मूल किती लवकर हे उचलतं, याचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली तो मांडला. बाल्कन देशांतल्या लोकसंगीतात आडवेतिडवे ताल असतात. अमेरिकेकडच्या मोठ्या माणसांना त्यात कुठे काही बिघडवलं तर कळत नाही. सहा महिन्यांच्या बाळांना मात्र कळतं, ओळखीच्या तालातलं आणि परक्या तालातलंही. वर्षाचं होईपर्यंत त्यांचा कान घरात वाजणाऱ्या तालांपुरता बांधला जातो. पण वर्षाच्या बाळाला काही दिवस घरी ते परकं संगीत ऐकवलं तर दार पुन्हा उघडतं. मोठ्यांना तेवढंच ऐकवून उघडत नाही. हे वाचल्यावर मला कडेवरचं ते झोपलेलं पोर आठवलं. जन्मल्यापासूनच्या पहिल्या वर्षातच त्याने एक अख्खा तारप्याचा हंगाम आईच्या अंगावरून ऐकलेला असतो. त्याचा कान कोणत्या बाजूला वळणार, हे त्याच्या पायात बळ यायच्या आधी ठरत असतं.

म्हणूनच मला भीती वाटते ती मोबाइलची नाही. कैनाडची पोरं मोबाइलवर काय वाटेल ते ऐकोत. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. मुलं आणि आईबाप आता एका छपराखाली किती रात्री असतात? दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाड्यांवरून माणसं वीटभट्ट्यांवर निघतात. भिवंडी, वसई, ठाण्याकडे. पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. बरोबर नेलेल्या पोरांना भट्टीवर तारपा दिसत नाही, रात्री कुणाच्या अंगात नाचायचं त्राण उरत नाही. जी पोरं मागे राहतात ती आश्रमशाळेत. आश्रमशाळेने त्यांना जेवण दिलं, अक्षर दिलं. त्या शाळांमुळे शिकलेली मुलं आज माझ्या शेजारी उभी राहून काम करतात, तेव्हा शाळांचं मोल मला कुणी सांगायला नको. पण सहाव्या वर्षी घराबाहेर गेलेलं मूल आईबापांची रात्र गमावतं, आणि गाणं रात्री होत असतं. सकाळी परिपाठात राष्ट्रगीत, प्रार्थना होतात. वर्षाला एकदा स्नेहसंमेलनात तारपा नृत्य बसवतात, एकसारखे कपडे, ध्वनिफितीवर. मुलं सुंदर नाचतात. तिथे वाजवणारा कुणी नसतो आणि पायांकडे पाहणारंही कुणी नसतं.

या तालुक्यात हा प्रश्न एकदा फार वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत असं पाहून त्यांनी शाळाच अंगणात नेली, तिला अंगणवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे, त्याची माणसं जिथे आहेत, तिथे शिक्षणाने जायचं. गाणी, गोष्टी, नाच हे त्यात पहिल्या दिवसापासून होतं. संगीताच्या बाबतीत मला त्याहून शहाणी वाट दिसत नाही. निदान वाघबारशीपासूनच्या दिवाळीच्या सुट्टीत तरी पोरं पाड्यावर असतात. त्या रात्री त्यांना झोपायला लावू नका, हे मी पालकसभेत दरवर्षी सांगत आले. एक बाप हसून म्हणाला, "बाई, तुम्हीच पहिल्या असाल, पोरांना जागवा म्हणणाऱ्या."

आता लग्नांत कीबोर्ड आणि डीजे आला आहे. माझा एक जुना विद्यार्थी अशीच पार्टी चालवतो, टेम्पोत स्पीकर, जनरेटर, सगळं. त्याचा बाप तारपा वाजवणारा. पोराने बापाला अंगणात बसवून एकेक चाळा मोबाइलवर घेतला आणि रात्ररात्र जागून कीबोर्डवर ते सूर शोधले. आता लग्नात हिंदी, गुजराती गाणी झाली की पोरंच ओरडतात, तारपा लाव. तो लावतो. आणि एरवी एकटीदुकटी नाचणारी ती जीन्समधली पोरं कमरेला हात घालून रांग धरतात. ती रांग मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रडू आलं. गाणं यंत्रातून येत होतं, पण ऐकायची रीत त्यांच्या आईबापांची होती.

बापाला मात्र ते पटलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, सूर बरोबर आहेत. पण हा तिकडे कडेला, मांडवाच्या कोपऱ्यात उभा राहतो, खाली मान घालून. नाचणारे दमले तरी ह्याचं आपलं तसंच चाललेलं. पाय बघायला नकोत?

पोराने ते ऐकून घेतलं. त्या वेळी तो काही बोलला नाही. पुढच्या लग्नाला मी गेले तर कीबोर्ड मांडवाच्या मधोमध होता, चारी बाजूंनी रांग फिरायला मोकळी जागा सोडून. तो मान वर करून वाजवत होता, आणि म्हाताऱ्या बायका रांगेत शिरल्या तसा ठेका सावकाश घेत होता. स्पीकरपर्यंत वायर पुरेना, म्हणून त्याने सकाळीच डहाणूहून लांब वायर आणली होती आणि कुणाचा पाय अडकू नये म्हणून ती मातीत पुरली होती.